मावशींची शाळा

अगं, तुझा फोन आला तेव्हा मी हातात ओली कवळी धरून उभी होते. माझी नव्हे गं, वर्गातली! नमुन्याची कवळी असते, तिच्यावर मुलींना शिकवायचं असतं. सिंकमध्ये आधी फडका अंथरायचा, थोडं पाणी सोडायचं, मगच कवळी घासायला घ्यायची. हातातून निसटली तर आजींचे दात फुटू नयेत म्हणून. त्यामुळे तू भरभरून बोलत होतीस आणि मी नुसतं "हं, हं" करत होते. तू रुसून फोन ठेवलास, कळलं मला. रात्री ओटा आवरून तू पाठवलेल्या सव्वीस स्लाइड्स घेऊन बसले. दोनदा पाहिल्या. आता लिहूनच सांगते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना मोबाइलवर प्रशिक्षण द्यायचं, ही कल्पना चांगली आहे. खोटं कौतुक करत नाही, माणसं खरंच कमी पडतायत. म्हातारी माणसं वाढतायत, त्यांच्याजवळ थांबणारं कुणी नाही. सरकारी अंदाज आहे की २०२३ ते २०३३ या दहा वर्षांत अमेरिकेत घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांच्या नोकऱ्या २१ टक्क्यांनी वाढतील. हा आकडा तुझ्या चौथ्या स्लाइडवर आहेच. बाजार किती अब्जांचा, तेही आहे. फक्त जिला तू शिकवणार, ती बाई सव्वीस स्लाइडांत कुठेच नाही. फोटो आहे तो गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या हसऱ्या मॉडेलचा. आपल्या वर्गातल्या बाईच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसतो. तिच्या खांद्यावर एक जाड पट्टा असतो, पेशंटच्या कमरेला बांधून त्याला उठवायचा. आणि पायांत दिवसभर उभं राहून बसलेले बूट.

आपण मिरजेच्या पोरी, हॉस्पिटलांच्या गावात वाढलेल्या. वानलेस हॉस्पिटल १८९४ सालचं. डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर हे शब्द आपण बाराखडीच्या आधी शिकलो. आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आठवतं? डॉक्टर सकाळी दोन मिनिटं यायचे, सिस्टर इंजेक्शनापुरती. बाकी दिवसभर मावशी. कुशीवर वळवायची मावशी, भांडं द्यायची मावशी, केस विंचरायची मावशी. तिचं नाव आपल्याला कधी कळलं नाही आणि तिला हे सगळं कुणी शिकवलं, असा प्रश्नही आपल्याला पडला नाही. आधीच्या मावशीचं बघून ती शिकली असणार.

तू जिच्यासाठी कंपनी काढते आहेस ना, ती ही मावशी. इथे तिला नर्स एड म्हणतात, सीएनए म्हणतात. तुझ्या स्लाइडवर ती 'हेल्थकेअर वर्कफोर्स' झालीय. गुंतवणूकदारासमोर तोच शब्द वापर, माझं काही म्हणणं नाही. मनात मात्र मावशीच म्हणत जा. हिशेब चुकत नाही.

इथेही फार पूर्वीपासून सगळं आलबेल होतं असं समजू नकोस. नर्सिंग होममधल्या हालअपेष्टांवर १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा मोठा अहवाल आला आणि डिसेंबर १९८७ मध्ये केंद्राने कायदा केला. तेव्हापासून नर्सिंग होममध्ये हे काम करायचं तर किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग राज्याच्या रजिस्ट्रीत नाव. राज्यं आपापली भर घालतात. आपल्या न्यू जर्सीत ९० तास, कॅलिफोर्नियात १६०, मेनमध्ये १८०. म्हणजे 'संपूर्ण अमेरिकेसाठी एकच कोर्स' ही तुझी सातवी स्लाइड आजच काढून टाक. एक राज्य धर, त्याचे नियम तोंडपाठ कर, मग पुढचं.

आता ॲपचं. मी जुन्या वळणाची आहे म्हणून बोलत नाही, आमच्याही मुली फोनवरच प्रश्नांचा सराव करतात. पण केंद्राच्या नियमात त्या ७५ तासांतले किमान १६ तास नर्सच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष हाताने करायचे आहेत. आणि कुठल्याही पेशंटला हात लावायच्या आधी आणखी १६ तास बोलणं-वागणं, जंतुसंसर्ग, सुरक्षितता आणि पेशंटचे हक्क शिकवायचे आहेत. हे का, ते एका शर्टावरून सांगते.

पक्षाघात झालेल्या माणसाला शर्ट घालायचा आहे. डावा हात लुळा. कुठला हात आधी घालशील? नवी मुलगी हमखास चांगला हात आधी घालते, कारण तो सोपा. मग लुळा हात मागे ओढावा लागतो, खांदा दुखावतो, आजोबा कळवळतात. शिकवायचं असतं ते उलट. घालताना दुखरी बाजू आधी, काढताना चांगली बाजू आधी. व्हिडिओत हे वीस सेकंदांत दाखवून होतं, चाचणीत 'दुखरी बाजू' या उत्तरावर टिचकी मारून गुणही मिळतात. पण मी वर्गात एकीला खुर्चीत बसवते, हात सैल सोडायला लावते आणि दुसरीला म्हणते, घाल. पहिल्यांदा दर बॅचला निम्म्या चुकतात. उत्तर सगळ्यांना येत असतं, हातांना येत नसतं. चार-पाचदा केल्यावर कधीतरी हातांना कळतं. तुझ्या ॲपला ते 'कधीतरी' दिसणार नाही. ते बघायला शेजारी कुणी उभं लागतं.

म्हणून ॲपला त्याची जागा दे. शब्द पाठ करून घेणं, परीक्षेचा सराव, वेळापत्रक, कुणाचे किती तास भरले याची नोंद, आणि कोर्स संपल्यावर तिची चौकशी. ही सगळी ॲपची कामं, आणि ती ॲप माझ्या वहीपेक्षा छान करेल. हात मात्र हातानेच शिकतात.

आता तुझ्या कागदांकडे येते, कारण यात तू घाई करते आहेस. तू अजून एच-फोर व्हिसावर आहेस. कामाचं कार्ड हातात आल्याशिवाय कंपनीचं एकही काम करायचं नाही. "पगार घेत नाही ना, मग काय हरकत," हे वाक्य मी इथल्या भिशीत शंभर वेळा ऐकलंय. हरकत आहे. कंपनीत हिस्सा असणं वेगळं आणि तिथे बसून काम करणं वेगळं. ही रेघ नेमकी कुठे पडते ते इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे मोजून विचार. भिशीतल्या मैत्रिणीला विचारू नकोस आणि मलाही नको. एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली ती २६ मे २०१५ पासून, तीही सरसकट नाही. नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा आय-१४० मंजूर झालेला हवा किंवा त्याचा एच-वन सहा वर्षांच्या पुढे वाढलेला हवा. आणि दुसऱ्या देशांचे लोक धंदा काढण्यासाठी जो ई-टू व्हिसा घेतात, तो आपल्याला मिळत नाही. भारताचा तसा करार नाही. उगाच कुणाच्या सल्ल्याने तिकडे पैसे घालवू नकोस.

कार्ड आलं म्हणजे सुटलीस असंही नाही. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुनं कार्ड आपोआप काही महिने चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत राहिली नाही. म्हणजे तुझं कार्ड ज्या दिवशी संपेल आणि नवं आलेलं नसेल, त्या दिवसापासून तू तुझ्याच शाळेत खडू उचलू शकणार नाहीस. तेव्हा पहिल्या दिवसापासून अशी भागीदार घे, जिला इथे काम करायला कुणाची परवानगी लागत नाही आणि जी तुझ्याशिवाय वर्ग चालवू शकते. भागीदारी म्हटली की आपल्याकडे मावशी, म्हणजे तुझी आई, लगेच म्हणेल, "परक्या बाईला हिस्सा कशाला?" तिला म्हणावं, परक्या देशात परकी बाईच कामाला येते.

ती भागीदार शक्यतो नर्स असू दे. तू आयटीवाली, मी मुळात कॉमर्सची. नियम सांगतो की प्रशिक्षण रजिस्टर्ड नर्सच्या देखरेखीखाली हवं, तिला किमान दोन वर्षांचा अनुभव हवा आणि त्यातलं किमान एक वर्ष दीर्घकालीन देखभालीतलं. मला अशी नर्स मिळायला आठ महिने लागले. ती फिलिपिन्सची आहे, वयाने माझ्याहून मोठी, आणि माझ्या शाळेत शेवटचा शब्द तिचा. मी पैसे, परवाने आणि फोन बघते. एकदा पैसे वाचवायला मी प्रत्यक्ष कामाचे दोन तास कमी करायचं म्हटलं, तर तिने चष्म्यावरून बघून विचारलं, "त्या दोन तासांत जे शिकवायचं राहील, ते तुझ्या आईवर करून चालेल?" तेव्हापासून मी तिच्या वेळापत्रकाला हात लावत नाही.

परवान्यांचं कामही वाटतं तेवढं झटपट नाही. अभ्यासक्रमाला राज्याच्या आरोग्य खात्याची मंजुरी, खाजगी शाळा म्हणून वेगळी मंजुरी, विमा, आणि प्रत्यक्ष सरावासाठी एखाद्या नर्सिंग होमशी करार. इथे माझी एक चूक सांगते, ती तू करू नकोस. मी एकाच नर्सिंग होमवर विसंबले होते. तिथे तपासणी झाली, दोष सापडले, मोठा दंड बसला. आणि मला तेव्हा माहीतच नव्हतं की असा दंड ठरावीक रकमेच्या वर गेला की त्या जागेत दोन वर्षं प्रशिक्षण घेता येत नाही. माझी बॅच अर्ध्यात. वर्गाचे तास झालेले, हाताचे राहिलेले. मुली रोज विचारत, "मॅडम, कधी?" मी रोज वेगळं काहीतरी सांगायची. शेवटी पाऊण तास लांबच्या एका जागेने घेतलं आणि मी स्वतः व्हॅन भाड्याने घेऊन पहाटे मुलींना गोळा करत फिरले. तेव्हा करार दोन जागांशी कर, आणि सही करायच्या आधी त्यांचे तपासणीचे अहवाल वाच. ते जाहीर असतात, मेडिकेअरच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतात.

आता पैसे. तुझ्या स्लाइडवर प्रत्येक मुलीकडून फी घेतली आहे. घेता येते, आम्हीही घेतो. पण एक नियम बहुतेक मुलींना ठाऊक नसतो आणि बऱ्याच शाळा तो मुद्दाम सांगत नाहीत. कोर्स सुरू होताना जी बाई नर्सिंग होमच्या नोकरीत आहे किंवा जिला नोकरीचं पत्र मिळालंय, तिच्याकडून प्रशिक्षणाचे, अगदी पुस्तकाचेही पैसे घेता येत नाहीत. आणि जिने स्वतः फी भरली, तिला कोर्स संपल्यापासून बारा महिन्यांत नर्सिंग होममध्ये नोकरी लागली, तर ते पैसे राज्याने तिला हप्त्याहप्त्याने परत द्यायचे असतात. मी पहिल्याच तासाला हे फळ्यावर लिहिते. एका ओळखीच्या शाळावाल्याने मला म्हटलं, "बेन, धंदो बिगाडो छो!" बिघडला नाही, उलट मुलींनी मुली आणल्या.

खरं गिऱ्हाईक नर्सिंग होम आहे, हे लक्षात घे. त्याला माणसं हवी आहेत. नियमाप्रमाणे ते शिकाऊ बाईला जास्तीत जास्त चार महिने कामावर ठेवू शकतो, तेवढ्यात ती पास व्हायला हवी. म्हणजे त्याला तुझी गरज आहे, तीही घाईची. पण त्याच्याकडेही पैशाचा पाऊस नाही. नर्सिंग होममधल्या साठ टक्क्यांहून जास्त लोकांचा खर्च मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, उचलते आणि मेडिकेडचे दर राज्य ठरवतं. म्हणूनच या मावश्यांचा पगार वर चढत नाही. मे २०२३ मध्ये नर्सिंग असिस्टंटचा मध्यक पगार वर्षाला ३८ हजार डॉलरच्या आसपास होता. न्यू जर्सीत तेवढ्यात घरभाडं, गाडी आणि मुलाचं पाळणाघर बसवून दाखव, मग आपण बोलू.

आणि इथूनच माझं खरं सांगणं सुरू होतं. बाकीचं विसरलीस तरी चालेल.

माझी पहिली बॅच बारा जणींची. गुजराती, हैतीच्या, घानाच्या, एक डोमिनिकन, एक आपली साताऱ्याची. बारापैकी अकरा पास झाल्या. मी पेढे वाटले, फोटो काढले, फेसबुकवर टाकले. गावाकडून अभिनंदनाचा पाऊस. सहा महिन्यांनी एका नर्सिंग होमच्या बाईंना मी फुशारकीने विचारलं, "आमच्या मुली कशा आहेत?" त्या म्हणाल्या, "कुठल्या? गेल्या त्या." मग मी एकेकीला फोन लावला. अकरापैकी चौघी कामावर होत्या.

का गेल्या, ते वहीत लिहून काढलं. एकीची सकाळी सातची पाळी आणि रविवारी तेवढ्या पहाटे बसच नाही. एकीचं पोरगं सांभाळणारी जाऊबाई दुसऱ्या गावाला गेली. एकीची पाठ गेली, कारण अवजड पेशंटला दोघींनी उचलायचं असतं आणि दुसरी कधी मोकळीच नसे. एकीला पहिल्याच आठवड्यात स्मृती गेलेल्या आजींनी बोचकारलं आणि तिला वाटलं आपलंच काही चुकलं. साताऱ्याचीने तर कुणाला सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना गावी वाटत होतं सून हॉस्पिटलात 'ऑफिसला' आहे. व्हिडिओ कॉलवर एकदा गणवेश दिसला, "परक्यांचं हगणं-मुतणं काढायला अमेरिकेला गेलीस काय?" असं ऐकावं लागलं, आणि तिने नोकरी सोडली. वहीभर कारणं. आणि सगळ्या वहीत 'काम येत नव्हतं' हे कारण एकदाही नव्हतं.

मला वाटलं माझीच शाळा वाईट. नंतर कळलं की अख्ख्या देशाचं हेच आहे. २०१७-१८ ची आकडेवारी घेऊन केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये 'हेल्थ अफेअर्स'मध्ये छापून आला. नर्सिंग होमच्या नर्सिंग कर्मचाऱ्यांची वर्षभरातली गळती, मध्यक धरला तर ९४ टक्के! म्हणजे शंभर जागा असतील तर वर्षात चौऱ्याण्णव वेळा कुणीतरी सोडून जातं. अगं, तळाला भोक पडलेल्या हंड्यात आपण पाणी ओततोय आणि तू मोठ्या तोटीची कंपनी काढायला निघालीस. तुझ्या स्लाइडवर 'पाच वर्षांत पन्नास हजार विद्यार्थी' आहे. त्यातल्या किती जणी वर्षाने कामावर असतील, ते लिहिलंय का? नाही. मग ती स्लाइड अजून व्हायची आहे.

त्या वहीनंतर मी शाळा बदलली. नाव घालायला येणाऱ्या बाईला आता आधी विचारते, घर कुठे, गाडी आहे का, मूल कुणाकडे. मग तिच्या बसच्या वाटेवरचं नर्सिंग होम शोधते. चावणं, बोचकारणं, शिव्या यावर एक आख्खा तास असतो. आमची नर्स स्वतः पेशंट होऊन ओरडते आणि मुली आधी हसतात, मग गप्प होतात. बंद दाराआड पुरुष पेशंटला अंघोळ घालायची वेळ येते, त्याबद्दल सरळ बोलतो. लाज वाटते तर वाटते म्हणा, पण पडदा ओढा, आधी सांगा, जेवढं धुताय तेवढंच उघडं ठेवा. पेशंटचा मान त्यात आहे आणि तुमचाही. कोर्स संपल्यावर पहिल्या आठवड्यात, महिन्यानंतर आणि तिसऱ्या महिन्यात फोन. तीन फोन, बाकी काही नाही. आज किती टिकतात ते मी इथे लिहीत नाही. येऊन वही बघ. चौघींहून खूप जास्त आहेत, एवढंच सांगते.

आणि हे आता नुसतं माझं खूळ राहिलेलं नाही. १ जुलै २०२६ पासून लहान कोर्सांनाही केंद्राची पेल ग्रँट, म्हणजे शिक्षणासाठीची मदत, देण्याचा कायदा झालाय. त्यात अट आहे ७० टक्के विद्यार्थी कोर्स पुरा करणारे हवेत आणि ७० टक्क्यांना काम लागायला हवं. मात्र कोर्स किमान १५० तासांचा हवा आणि संस्था मान्यताप्राप्त हवी, त्यामुळे आपला ९० तासांचा वर्ग त्यात बसत नाही. पुढे कम्युनिटी कॉलेजशी जोडून घेता येईल का, ते तू बघ. तुझं डोकं तिथे चालतं.

भाषेचं एक राहिलं. तू पंधरा भाषांत ॲप काढणार म्हणतेस. काढ. पण काम इंग्रजीत आहे हे मुलींपासून लपवू नकोस. आमच्याकडे दोनच गोष्टींवर भर असतो. आजींना काय करतोय ते सांगता आलं पाहिजे आणि नर्सला काय बिघडलंय ते सांगता आलं पाहिजे. "आजी आज जेवल्या नाहीत, लघवी गडद आहे, कालपेक्षा गोंधळल्यात." एवढं जिला वेळेवर सांगता येतं, ती माणूस वाचवते. आणि वाचायला अडखळणाऱ्या बाईला सांगत जा की लेखीऐवजी तोंडी परीक्षा मागायचा तिला नियमाने हक्क आहे, आणि किमान तीन संधी मिळतात. कित्येक जणी एकदा नापास झाल्या की तोंड लपवून बसतात.

तू परवा म्हणालीस, "ताई, आनंदीबाई जोशींचं नाव देऊ का कंपनीला? त्या न्यू जर्सीतच राहिल्या होत्या." राहिल्या होत्या खऱ्या. १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि इथून अर्ध्या तासावरच्या रोझेलला आल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच फेब्रुवारीत गेल्या, पुरती बाविशीही गाठली नाही. त्यांचं नाव सगळे घेतात. मला मात्र रोझेलच्या कार्पेंटरबाई आठवतात. दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, समोर पडलेल्या मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि सातासमुद्रापारच्या अनोळखी मुलीला पत्र धाडलं. मग तिला घरात ठेवून घेतलं, तिचं खाणंपिणं, सोवळंओवळं सांभाळलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. अस्थीसुद्धा शेवटी त्या कार्पेंटरांच्याच कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकिप्सीला गेल्या.

माझ्या शाळेशेजारचा गाळाही दातांच्या डॉक्टरचाच आहे. तिथे वाट बघत बसलेली बाई दिसली की मला हे हटकून आठवतं. शिकवणारं कॉलेज लागतंच, पण थंडीत कुणाची चूल पेटली आहे का, हे बघणारं कुणी नसेल तर हुशार मुलगीही टिकत नाही. तुझ्या कंपनीला नाव कुठलंही दे. तिच्यात कार्पेंटरबाईंचं काम कोण करणार, ते मात्र नाव देण्याआधी ठरव.

स्वतःचंही बघ गं. मी पहिली दोन वर्षं जेवायची वेळ पाळली नाही, आणि घरी कुणी काही विचारलं की खेकसायची. ह्यांनी एकदा शांतपणे सांगितलं, "तू वर्गातल्या बाहुलीशी आमच्यापेक्षा गोड बोलतेस." हसण्यावारी नेलं, पण लागलं. तू घरी आधीच सांगून ठेव की पहिली दोन वर्षं पैसे येणार नाहीत. नवऱ्याच्या पगारावर चाललंय म्हणून रोज मान खाली घालायची नाही, आणि त्याला गृहीतही धरायचं नाही. दोघांनी बसून रकमेचा आकडा ठरवा, एवढे गेले की थांबायचं. कागदावर लिहा, फ्रिजला लावा. माझ्या फ्रिजवर तो अजून आहे.

आता तू विचारशील, मग ताई, मी काय करू? स्लाइड्स बाजूला ठेव. गुंतवणूकदारांना महिनाभर थांबव. पुढची बॅच शनिवारी सुरू होतेय. शिकवायला येऊ नकोस, बाकावर बसायला ये. नव्वद तास पूर्ण कर, दुसरीला शर्ट घाल, स्वतः चमच्याने भरवून घे, कुणीतरी तुला कुशीवर वळवलं की कसं वाटतं ते बघ. नंतर जी कंपनी काढशील ती काढ, माझे पैसेही घाल तिच्यात.

सकाळी साडेआठला. बंद बूट घाल, नखं कापून ये, अंगठ्या घरी ठेव. डबा मी आणते, दोघींपुरता.